बिनबुटाचा पाय

आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत यायची नाही. कलेक्टर आला असता तरी आईनं त्याला जोडे बाहेर काढायला लावले असते. चामड्याचं तर नावच नको; मामानं कमरेचा पट्टा देवघराच्या बाजूच्या खुंटीला अडकवला तरी आई ओरडायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात सगळ्याच घरांची ही रीत होती, त्यात नवल काही नव्हतं. अडचण एवढीच की माझा उजवा पाय बुटाला जोडलेला होता.

लहानपणी पोलिओ झाला आणि त्या पायातली ताकद गेली. बाहेर जाताना मी कॅलिपर लावायचे. म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या, मध्ये चामड्याचे पट्टे, आणि सळ्यांची खालची टोकं जाड बुटाच्या टाचेत घट्ट बसवलेली. गुडघ्यापाशी एक कडी असते. उभं राहिलं की ती खट् करून खाली पडते आणि गुडघा ताठ राहतो. बसायचं झालं की ती बोटानं वर ओढायची. हे सगळं पायाला असलं की मी बाजारातून दोन पिशव्या घेऊन यायचे. पण घरी आलं की बूट बाहेर आणि बुटाबरोबर पायही बाहेर. आत मग मांडीवर हात दाबून, वाकत वाकत चालायचं. म्हणजे बाहेर मी दोन हातांची आणि घरात एका हाताची. भरलेलं पातेलं उचलता यायचं नाही, कुणापुढं ताट नेता यायचं नाही. मी बसल्या जागी साड्यांना फॉल लावायचे, भाजी निवडायचे आणि बोलायचे.

बोलण्यात मात्र मला कुणी हरवलेलं नाही. "देवानं पाय नेला आन् त्याच्या बदल्यात हे तोंड दिलं," असं आई येईल त्याला सांगायची. नळावर भांडण लागलं की बायका मला बोलवायला यायच्या. मी दारातल्या पायरीवर बसून निम्मं भांडण मिटवायचे आणि निम्मं वाढवायचे. बोळातली मोठी मोठी बापय माणसं माझ्यासमोरून जाताना जपून जायची.

माझ्या लग्नाचं बघायला लागले ती नव्वदच्या पुढची पहिली वर्षं असतील. पहिले पाहुणे आले तेव्हा आईनं मला आधीच पुढच्या सोप्यात सतरंजीवर नेऊन बसवलं होतं, पाय साडीखाली मुडपून, गौर बसवावी तशी. पोहे वहिनीनं आणले. पाहुण्यांतली एक म्हातारी बाई माझ्याकडं बघत बघत म्हणाली, "मुलगी उठंना कशी?" मग मी उठले. हात मांडीवर दाबून, वाकून, सगळ्यांच्या समोर आतल्या खोलीपर्यंत गेले. मागून वाटीत चमचा फिरवल्याचा आवाज तेवढा येत होता.

त्या रात्री मी आईला सांगितलं, आता कुणी आलं तर मी ट्रे घेऊन चालत येणार. दोन्ही हातांत ट्रे धरून. ते जमत नसेल तर पाहुणे बोलवू नका. आई म्हणाली, "आन् बूट?" मी म्हटलं, "बूट न्हाय. बिनबुटाचा पाय करून घेते."

कॅलिपर करणारा मिस्त्री उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये बसायचा. आधी तो लेथवर होता. एका ओळखीच्या पोराला कॅलिपर करून दिला आणि मग तोच धंदा झाला. माणूस मनानं चांगला, पण फुशारकी फार. आपण केलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवलं की त्याचा चेहरा लगेच उतरायचा. मी बिनबुटाच्या पायाचं सांगितलं तेव्हा तो हसला. "अगं पोरी, बूट न्हाय तर सळई अडकवू कशात? हवेत?"

"ते तुम्ही बघा. मिस्त्री कोण, मी का तुम्ही?"

त्यानं पहिल्यांदा केल्या त्या खडावा. खऱ्याखुऱ्या लाकडी खडावा, आणि त्यात सळ्या ठोकलेल्या. चामडं नाही म्हणून आई खूश. मी त्या घालून सोप्यात पाऊल टाकलं आणि शहाबादी फरशीवर असा खाडखाड आवाज झाला की शेजारची विचारत आली, कुठला बुवा आलाय म्हणून. मी दुसऱ्या दिवशी खडावा परत नेऊन मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवल्या. तो म्हणाला, "चालता तर येतंय की!" मी म्हटलं, "चालता येतंय, पण कीर्तनाला."

मग खरं काम सुरू झालं. मी दुपारी फॉलची कामं उरकून बसनं शेडवर जायचे आणि आम्ही दोघं भांडायचो. तळव्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्यायचा हे त्याचं डोकं. पत्रा बोटांच्या अलीकडंच कापायचा, म्हणजे बोटं मोकळी दिसतील, हे माझं. तो म्हणायचा, पत्रा पुढपर्यंत नेला तर तोल चांगला राहील. मी म्हणायचे, पायात जोडवी घालायची झाली तर काय पत्र्याला घालू? यावर त्यानं पत्रा कापला. पत्र्याखाली सायकलची ट्यूब चिकटवली, म्हणजे फरशीवर आवाज नको. चामड्याच्या पट्ट्यांऐवजी पलंगाची नवार आणि दप्तराची बकलं आली. नवार मांडीला काचायला लागली तेव्हा आईनं जुन्या वाकळेचा तुकडा दुहेरी शिवून आतून लावला. ते तिचं तिलाच सुचलं, आम्ही सांगितलं नव्हतं.

राहिली ती गुडघ्याची कडी. ती वाजायचीच. मी म्हटलं, हिचा आवाज बंद करा. मिस्त्री म्हणाला, "कडी वाजली तर बिघडलं काय? कडी पडली ह्ये कळाय नको?" मी म्हटलं, मला कळतंय, दुसऱ्याला कशाला कळायला पाहिजे? त्यानं कडीच्या खाली रबराची चकती बसवली. चार वेळा बसवली, चार वेळा ती निघाली. पाचव्यांदा बसवली ती टिकली. मग त्यानं मला शेडमध्ये पाण्यानं भरलेले ग्लास ट्रेवर देऊन चालवलं. लेथवरची माणसं काम सोडून बघायला आली. "सांडलं! परत!" मिस्त्री ओरडायचा, आणि मी परत चालायचे. नुसता वैताग. पण ज्या दिवशी एक थेंब सांडला नाही त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

चहा पिताना म्हणाला, "एवढं चांगलं काम केलंय, आन् तू साडीखाली दडवणार. केलं कुणी ह्ये कळणार तरी हाय का कुणाला?"

"कळू नये म्हणूनच तर केलंय मिस्त्री."

"मग वाया गेलं की गं माझं काम," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

घरी मी तो पाय लावून पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले तेव्हा आई दूध तापवत होती. तिनं माझ्या दोन्ही रिकाम्या हातांकडं बघितलं. चुलीपासून बाजूला झाली आणि म्हणाली, "उतू जाईल बघ, उतरव." मी पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं. एवढंच. पण नंतर आईनं पदर डोळ्यांना लावलेला मी बघितला.

थोड्याच दिवसांत मामानं चंदगडकडचं स्थळ आणलं. मुलाचं एस.टी. स्टँडजवळ रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, घरची भातशेती, काजूची झाडं. "पायाचं थोडं हाय त्याला," मामा म्हणाला. तिकडं जाऊन त्यानं माझ्याबद्दलही तसंच सांगितलं असणार, थोडं हाय म्हणून. मामाच्या त्या 'थोडं'त हत्ती मावला असता. पण आम्ही कुणी जास्त विचारलं नाही. मला तर विचारायचंच नव्हतं. मला ट्रे घेऊन चालायचं होतं.

पाहुणे आले तेव्हा मी स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालत होते. आई शेवटचं सांगून गेली होती, "आज तेवढं तोंड बंद ठेव बाई. जे बोलायचं ते मामा बोलंल." बाहेर पायरीशी माणसांचे आवाज, चपला काढल्याचे आवाज. आणि मग लोखंडाची कडी वर ओढल्याचा आवाज आला, मागोमाग बकल सुटल्याचा. एक, मग दुसरं. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. हा आवाज आख्ख्या गल्लीत फक्त माझ्या पायाचा होता. आता तो आमच्या दारात, दुसऱ्याच्या पायातून येत होता.

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशातली गत. तो उंबऱ्याच्या आत आला. कॅलिपर बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि हा मांडीवर हात दाबून, वाकत वाकत, सगळ्यांच्या नजरेसमोरून आमचा सोपा ओलांडत होता. त्याचा भाऊ हात द्यायला गेला तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. कान लाल झाले होते. खुर्चीवर बसल्यावर त्यानं मांडीवरचा हात पँटीला पुसला. मी पण तसाच पुसायचे, घाम आलेला असायचा. मला तो आवडला. उगाच आडवळणानं कशाला सांगू? तिथंच, फटीतूनच आवडला.

आणि तरी मी काय केलं? पोह्यांच्या बशांचा नि पाण्याच्या ग्लासांचा ट्रे उचलला आणि चालत गेले. सरळ, दोन्ही हातांत ट्रे, ना खट् ना खाड. एक थेंब सांडला नाही. इतके दिवस ज्यासाठी भांडले ते झालं, आणि खरं सांगते, त्या घडीला मला लई अभिमान वाटला. सगळ्यांना देत देत त्याच्यापुढं गेले. त्यानं बशी घेतली. माझ्या पायांकडं बघितलं. साडीखालून बोटं तेवढी दिसत होती, दोन्ही पायांची सारखी. त्यानं मान खाली घातली.

चहा झाल्यावर त्याच्या भावानं म्हटलं, काय विचारायचं असेल तर विचार. आमच्यात तेव्हा एवढंच असायचं, सगळ्यांच्या समोर एखादा प्रश्न. मुलगे सहसा 'काही न्हाय' म्हणायचे. त्यानं मात्र विचारलं. माझ्याकडं बघून, हळू आवाजात. "तुम्हाला पायाचा तरास हाय म्हणत होते?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "तरास कसला पावणं! बघितलं न्हवं आत्ता, कशी चालत आली ती? नावाला हाय नुसतं!" सगळे हसले. तो माझ्याकडंच बघत होता. मामाचं झालं तरी बघत होता. मी साडीच्या काठाकडं बघत गप्प बसले.

जाताना तो पायरीवर बसून कॅलिपर चढवत होता. त्याला वेळ लागत होता आणि बाकीचे पाहुणे रस्त्यात उभे होते. मधलं बकल अडकत असणार, ते मधलंच नेहमी अडकतं, पट्टा घामानं आकसतो. मी पडद्याआड उभी राहून त्याला मनात सांगत होते, खालचं आधी लाव, मग मधलं येतंय. शेवटी कडी खट् झाली आणि ते गेले.

आठवड्यानं मामाला एस.टी.डी. बूथवर निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण मुलाच्या मनात नाही.

घरात जो काय धिंगाणा झाला! "सोताला धड चालता येत न्हाय आन् आमच्या पोरीला नाकारतोय!" मामा म्हणाला. आईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मी? माझं बंद ठेवलेलं तोंड तेव्हा सुटलं. महिनाभर मी त्याला शिव्या घातल्या, पायरीवर बसून, आल्यागेल्याला ऐकवून. तो बिनबुटाचा पाय काढून माळ्यावर टाकला. आईनंच तो खाली काढला. "पाहुण्यासाठी केलता व्हय? माझ्या हाताखाली कोण येणार? लाव आन् भाकरी कर."

पुढं आणखी स्थळं आली, गेली. मग मीच थांबवलं. त्यात रडण्यासारखं फार काही नव्हतं. माझे दिवस भरलेले होते. कारण त्या पायाची बातमी पसरली. कुठून कुठून बायका यायच्या. एकीला अंबाबाईच्या देवळात आत जायचं होतं. बिद्रीकडच्या एकीला सासूच्या देवघरात दिवा लावायचा होता. एकीला फक्त पोराला दोन्ही हातांनी उचलून पाळण्यात ठेवायचं होतं. मिस्त्री बापयगडी, मांडीचं माप द्यायला त्या लाजायच्या. म्हणून त्यानं मला बोलवून घेतलं आणि मी शेडमध्ये बसायला लागले. प्रत्येकीचा पाय वेगळा आणि प्रत्येकीचं घर वेगळं. कुणाकडं शेणानं सारवलेली जमीन, कुणाकडं गुळगुळीत फरशी, कुणाचा उंबरा वीतभर उंच. मी विचारायचे, हे लावून पहिलं काय करणार? ती जे सांगेल त्यावरून आम्ही पाय करायचो. मिस्त्रीला आधी हे फालतू वाटायचं, मग तोही विचारायला लागला.

अशी बरीच वर्षं गेली. मोबाईल आले, मिस्त्रीला लेथच्या आवाजानं कमी ऐकू यायला लागलं आणि आधीच मोठा असलेला त्याचा आवाज आणखी मोठा झाला. एके दिवशी दुपारी एक नवरा-बायको शेडमध्ये आले. बाईच बोलत होती. "चंदगडास्नं आलोय. घरात ह्यांचे लई हाल व्हतात हो, बूट काढला की. तुम्ही बिनबुटाचा करता म्हणं." मागं तो उभा होता. केस पांढरे झालेले, कान तसेच लाल.

मी ओळखलं. त्यानं लगेच ओळखलं नाही. मी त्याला बाकावर बसवलं, तो कडी वर ओढून बसला. त्याची बायको म्हणाली, तुमचं माप होईतोवर मी कोपऱ्यावरनं फळं घेऊन येते. ती गेल्यावर मी टेप काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, हे लावून पहिलं काय करणार? तो उत्तर द्यायचं सोडून माझ्याकडं बघत राहिला.

"तुम्ही मंगळवार पेठेतल्या न्हवं?"

"व्हय."

"पोहे चांगले झालते," तो म्हणाला. मग थोडा हसला. "तुम्ही ट्रे घेऊन आला, थेंब सांडला न्हाय. मी कसा आत आलतो ते तुम्ही बघितलं नसंल. मी म्हणलं, आपण कशाला हिच्या गळ्यात पडायचं. जन्मभर माझं करत बसंल. मला वाटलेलं दोघं सारखी असू, म्हणून आलतो."

मी साडीचा काठ गुडघ्यापर्यंत वर केला आणि सळ्या दाखवल्या. पत्रा नवा होता, नवार कितीदा तरी बदललेली, पण पाय तोच. "त्या दिवशी पण हाच होता," मी म्हटलं. "फटीतनं बघितलं मी, तुम्ही कसे आला ते."

तो वाकला. गुडघ्याच्या कडीकडं, तिच्याखालच्या रबराच्या चकतीकडं बघितलं, घड्याळजीसारखं, डोळे बारीक करून. "वाजत न्हाय ही," म्हणाला.

"न्हाय. वाजू नये म्हणून लई खटपट केली."

"मग दाखवायचा की त्या दिवशी."

आता मात्र मला राग आला. खरंच आला. "चार बापयांच्या समोर साडी वर करून दाखवू?"

"साडी कशाला?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता त्यात. "तोंड व्हतं की तुम्हाला. मी इचारलं पण व्हतं."

आख्ख्या पेठेला उत्तरं देणारी मी टेपवरचे आकडे बघत राहिले. तेवढ्यात त्याची बायको चिकूची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, झालं का माप? तो म्हणाला, घेत्यात आता. मी खाली बसले आणि त्याच्या मांडीचं, गुडघ्याचं, घोट्याचं माप घेतलं.

पलीकडनं मिस्त्री ओरडला, "कडीला रबर लावायचं काय?"

"नको," तो म्हणाला. "वाजू दे. मी उठलो की घरात कळतंय हिला."

बायको हसली. "व्हय, कडी वाजली की मी च्याला आधण ठेवते."

मिस्त्रीला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आणि त्याला ओरडून सांगायचं काम माझंच होतं. "रबर नको, मिस्त्री," मी म्हटलं. "वाजू दे म्हणत्यात." पहिल्यांदा हळूच म्हटलं गेलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं.